विश्लेषण : वारीच्या मुक्कामात दिंडीला पाणी किती लागते? ते पुरवायचे कसे?

आषाढी वारीच्या पालख्या सोलापूर जिल्ह्यात आल्या की मुक्कामाच्या तळावर एका रात्रीपुरते गाव वसते. तंबू, शिधा, भांडी आणि पाणी ट्रक-टँकरमधून दिंडीसोबतच चालते. पाणी संपले तर स्वयंपाक अडतो आणि दूषित पाणी पोटात गेले तर अख्खी दिंडी आजारी पडू शकते. म्हणून पाण्याचे गणित निघण्यापूर्वीच मांडावे लागते.

सोबत पाणी कशासाठी?

माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी असे मुक्काम होतात. तुकोबांची पालखी सराटीला नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. हा भाग पर्जन्यछायेचा. येथे पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो, त्यामुळे आषाढात विहिरींचा भरवसा धरता येत नाही. गावची नळयोजना गावापुरती असते आणि मुक्कामाला लाखोंचा समुदाय येतो. प्रशासन टँकर आणि भरणा केंद्रे ठेवते, पण तेथे रांग लागतेच.

किती पाणी लागते?

आपत्तीकाळातील मदतीसाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हवे. अगदी तगून राहायचे तर साडेसात लिटर. त्यात पिण्यासाठी अडीच ते तीन लिटर, बाकीचे स्वयंपाक व स्वच्छतेला. म्हणजे २०० वारकऱ्यांच्या दिंडीला रोज दीड ते तीन हजार लिटर लागेल. आंघोळ, कपडे नदीवर किंवा शेतातल्या पंपावर उरकले, तरच एवढ्यात भागते.

वाहून नेताना काय सांभाळावे?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीन हजार लिटर म्हणजे तीन टन. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते आणि वळणावर गाडी एका बाजूला ओढली जाते. त्यामुळे एका मोठ्या टाकीपेक्षा लहान टाक्या बऱ्या. एक पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी उघडावी. टाक्या ट्रकच्या तळाशी, दोराने घट्ट बांधलेल्या असाव्यात. पिण्याची आणि वापराची टाकी वेगळी ठेवून दोन्हींवर ठळक अक्षरांत तसे लिहावे.

पाणी सुरक्षित कसे ठेवावे?

एकोणिसाव्या शतकात यात्रांतून पटकीची साथ पसरत असे. तो धोका क्लोरीनमुळे आटोक्यात राहतो. टाकी भरल्यावर आरोग्य कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबावे. ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. पाणी गढूळ असल्यास क्लोरीन पुरेसे काम करत नाही. ते आधी निवळून, गाळून घ्यावे. टाकीत हात किंवा तांब्या बुडवू नये. नळ किंवा ओगराळे वापरावे. चंद्रभागेचे पाणी स्नानाला ठीक, पिण्यासाठी नव्हे.

बचत कुठे होते?

सर्वाधिक नासाडी भांडी घासताना आणि उघड्या नळाखाली होते. ताटातले खरकटे आधी पुसून काढावे. मग वाहत्या पाण्याऐवजी तीन घमेली मांडावीत : पहिल्यात घासणे, दुसऱ्यात विसळणे, तिसऱ्यात शेवटचा हात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खरकट्या भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालते. नळावर एकाला बसवले की पाणी वाया जात नाही.

गाडीतून फिरणाऱ्यांनी काय घ्यावे?

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाडीतच मुक्काम करणाऱ्यांनाही हेच गणित लागू पडते. चौघांना दोन दिवसांसाठी माणशी १५ लिटर धरले तर १२० लिटर, म्हणजे १२० किलो. हे कॅन छतावरच्या कॅरिअरवर नकोत, कारण वरच्या वजनाने कच्च्या रस्त्यावर गाडी डोलते. ते खाली, दोन चाकांच्या मधोमध ठेवावेत. त्याशिवाय एका दिवसाचे पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये राखून ठेवावे. गाडी आडरानात बंद पडली, तर मदत येईपर्यंत त्याच पाण्याचा आधार असतो.