सांगाडा एक, माल अनेक

आपल्या पुष्कळ बंधूंच्या पेढीवर आता संगणक आला आहे; पण त्यातील सॉफ्टवेअर कसे घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. एकदा रचलेला सांगाडा पुनःपुन्हा वापरावा, ही त्या धंद्यातील जुनी काटकसर होय. परंतु त्यातून निरनिराळ्या उत्पादनांची मालिका काढावयाची, तर आधी तो सांगाडाच सुटा करावा लागतो.

‘एक्लिप्स’ घ्या. आयबीएमने २००१ साली सर्वांस खुले केलेले हे साधन मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे. काहींनी त्यावर निराळीच कामे उभारली. मात्र प्रोग्रामरांपुरते असलेले सामान त्यांनाही नाइलाजाने वागवावे लागे. किराणा मागणाऱ्याच्या गळ्यात कापडाचे तागे बांधावेत, तशातला प्रकार! २००४ च्या ३.० आवृत्तीत खिडक्या, मेनू इत्यादी सर्वोपयोगी भाग वेगळा काढला गेला व प्रोग्रामरांचा खास भाग वेगळा झाला.

आम्हांस खरे मोल वाटते ते पुढील गोष्टीचे. जुन्या सांगाड्यावर बेतलेले इतरांचे जोडभाग या फेरबदलाने निकामी होण्याची धास्ती होती. यास्तव जुनी रीत सांभाळणारा एक स्वतंत्र दुवा त्याच आवृत्तीबरोबर देण्यात आला, आणि पुष्कळ जुन्या गिऱ्हाइकांस आपले काम नव्याने लिहावे लागले नाही.