घरातील व गोठ्यातील दिव्याचे बटन : दोष कसा शोधावा

दिवा लागेनासा झाला म्हणजे घरातील मंडळी प्रथम दिवा बदलतात व तेवढ्याने न भागल्यास बटनाला दोष देतात. हा क्रम स्वाभाविक आहे. परंतु बटनाच्या जोडणीतील सर्वांत घातक दोष दिवा नीट लागत व विझत असतानाच घरात दडलेला असतो, आणि म्हणूनच त्याची कोणी चौकशी करीत नाही. बटन चुकीच्या तारेत बसविलेले असणे, हा तो दोष होय.

खांबावरून घरात येणाऱ्या जोडणीत सामान्यतः दोन तारा असतात. एक जिवंत, म्हणजे फेजची तार. तिच्यात जमिनीच्या तुलनेने सुमारे २३० व्होल्ट दाब असतो. दुसरी न्यूट्रल, ती रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. दिवा पेटण्यास या दोन्ही तारांचा फेरा पूर्ण व्हावा लागतो. त्यांपैकी कोणतीही एक तोडली की दिवा विझतो, आणि फसगत होते ती येथेच. बटन फेजमध्ये असेल तर ते बंद केल्यावर होल्डरात वीज उरत नाही. तेच बटन न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंतची तार जिवंतच राहते. घरधनी बटन बंद करून निःशंक मनाने दिवा काढावयास जातो व ओल्या जमिनीवर उभा असल्यास प्राणास मुकू शकतो.

गोठ्यात हा धोका अधिक आहे. पत्र्याच्या छपराला घासून तारेचे आवरण गेले असेल, तर बटन बंद असतानाही पत्रा व लोखंडी खांब यांत वीज उतरते. जनावरांच्या पायांत वहाण नसते. त्यांचे चारही खूर भिजलेल्या जमिनीवर टेकलेले असतात. पुढील व मागील पायांतील अंतर मोठे असल्याने जमिनीत पसरलेल्या विजेचा दाब त्यांच्यावर माणसापेक्षा जास्त पडतो, आणि पायातून पायात जाणारा प्रवाह हृदयाजवळून जातो.

बटन कोणत्या तारेत आहे हे साध्या टेस्टरने कळते. टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगात लावून तो उजळतो याची खात्री करून घ्यावी; बिघडलेला टेस्टर हा टेस्टर नसण्यापेक्षा वाईट. पायांत कोरडी रबरी वहाण असावी व कोरड्या लाकडी पाटावर उभे राहावे. मेन स्विच बंद करून दिवा काढावा. नंतर मेन चालू करून, बटन बंद ठेवून, होल्डरातील दोन्ही पिनांना टेस्टरचे टोक एकामागून एक लावावे. दोन्ही पिनांना एकदम स्पर्श होऊ देऊ नये. बटन बंद असता एखादी पिन टेस्टर लख्ख उजळवीत असेल, तर बटन न्यूट्रलमध्ये आहे असे समजावे. दोन्ही पिना निर्जीव असून बटन चालू करताच एक उजळली, तर जोडणी योग्य आहे.

दिवा लागत नसेल तर याच परीक्षेने दोषाची जागाही सापडते. बटन चालू असूनही एकही पिन उजळत नाही, तेव्हा फेज होल्डरापर्यंत पोहोचत नाही. फ्यूज, बटन किंवा त्यामागील तार यांत दोष शोधावा. एक पिन उजळते पण चांगला दिवाही लागत नाही, तेव्हा न्यूट्रल तुटलेली असते, अथवा होल्डरच्या पिनांची स्प्रिंग बसलेली असते. दिवा काढूनच परीक्षा का करावयाची, हेही ध्यानी घ्यावे. न्यूट्रल तुटली असता जुन्या तारेच्या दिव्यातून वीज पलीकडे पोहोचते व दोन्ही पिना उजळून पाहणारा गोंधळतो.

बटन बंद केल्यावर एल.ई.डी. दिवा मंद लुकलुकत राहणे, हेही बटन न्यूट्रलमध्ये असल्याचे एक लक्षण असू शकते. परंतु बटनातच छोटा दर्शक दिवा असेल, किंवा तारा लांबवर शेजारी शेजारी गेल्या असतील, तरीही असे घडते. तेवढ्यावरून निर्णय करू नये.

बटनातून चरचर आवाज येणे, ते कोमट लागणे, जळका वास येणे, ही सैल स्क्रूची लक्षणे होत. ॲल्युमिनियमची तार स्क्रूखाली दबत जाते व काही काळाने सैल पडते. गोठ्यातील बटनात भुसा, मुंग्या व कुंभारीण माशीची मातीची घरे हमखास सापडतात. पावसाळ्यात बटनाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर त्याला पुन्हा हात न लावता मेन बंद करावा.

संपूर्ण घरातील दिवे एकाएकी फार प्रखर किंवा फार मंद झाले, तर तो बटनाचा दोष नव्हे. बाहेरची न्यूट्रल तुटल्याचा तो संभव असतो. मेन बंद करून वीज कंपनीस कळवावे. अशा वेळी जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवा लावण्याची काही ठिकाणी रीत आहे. ती सळई व तिच्याभोवतालची ओली जमीन विजेने भारली जाते. हा प्रकार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिसेल तेथे बंद करवावा.

जोडणी बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. जुन्या घरांत दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात, अथवा लाल-काळ्याची अदलाबदल झालेली असते. म्हणून रंगावर विसंबून चालत नाही. एकाच खोलीतील बटन उलटे असेल तर दोष तेथल्या जोडणीत आहे. सर्वच बटने उलटी आढळली, तर बहुधा वादळानंतर खांबावरील तारा पुन्हा जोडताना फेज व न्यूट्रल यांची जागा बदललेली असते. तेव्हा एकेक बटन उघडीत न बसता प्रथम मेन स्विचपाशी येणाऱ्या तारा तपासून घ्याव्यात, व खांबावर दुरुस्ती झाल्यानंतर दर वेळी ही परीक्षा पुन्हा करावी.