युरियाच्या गोणीमागचा कार्बन

देशाच्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात इंधन कोणाच्या हद्दीत जळले एवढेच पाहतात. माल कोणी वापरला, हे पाहत नाहीत. सौर पॅनेल चीनमध्ये बनले तर धूर चीनच्या खात्यावर, युरोपने भारतीय पोलाद घेतले तर भारताच्या. हा आकडा देशाच्या नावावर असला, तरी तो बराचसा सीमेबाहेर ठरतो.

हे सीमेबाहेरचे धागे खेड्यापर्यंत पोहोचतात. जामखेड तालुक्यातले खर्डा गाव इतिहासात ओळखले जाते ते 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे. आजची युद्धे या भागात पोहोचतात ती युरियाच्या गोणीतून. 45 किलोच्या गोणीची किंमत सरकारने 266 रुपये 50 पैशांवर बांधून ठेवली आहे, म्हणून शेतकऱ्याला त्यांची झळ दिसत नाही; ती अनुदानाच्या रूपाने तिजोरीला बसते. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा जहाजांतून द्रवरूपात येतो. शेतात टाकलेल्या युरियातून पुढे नायट्रस ऑक्साइडही सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियाचा वायू आटला तेव्हा युरोपने जगाच्या बाजारातला द्रवरूप वायू चढ्या भावाने उचलला, आणि भारताची आयात घटली. वायूवरची वीज परवडेना. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासारखी केंद्रे तर आधीपासूनच वायूअभावी अडखळत होती. मे महिन्यात केंद्र सरकारने आयात कोळशावरच्या वीजकेंद्रांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश दिला. यात उन्हाळ्यात वाढलेल्या मागणीचा वाटा मोठा होता, सगळा दोष युद्धाच्या माथी मारता येणार नाही. पण वायूचा पर्याय महागला की भार कोळशावर पडतो, आणि देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज आधीच कोळशाची आहे.

जागतिक व्यापाराची दुसरी बाजू खर्ड्याच्याच शिवारात पाहता येते. चीनच्या अवाढव्य उत्पादनामुळे 2010 च्या दशकात पॅनेलचे भाव सुमारे दहाव्या हिश्शावर आले. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची राज्याची सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, ती या स्वस्ताईच्या बळावरच. पुढे 2020 मध्ये गलवानमध्ये चीनशी चकमक झाली, परावलंबनाची धास्ती वाढली आणि एप्रिल 2022 पासून आयात पॅनेलवर 40 टक्के शुल्क लागले. देशी कारखाने त्यामुळे उभे राहिले, हे खरे. पण पॅनेल महागल्याने वा उशिरा आल्याने प्रकल्प जितका रखडतो, तितके दिवस मोटर रात्रपाळीच्या कोळशाच्या विजेवर चालते.

जहाजांचे गणित आणखी विचित्र. नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि नाशिकची द्राक्षे युरोपला आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मुंबई-रॉटरडॅम अंतर सुएझमार्गे सहा हजार सागरी मैलांच्या थोडे वर, वळशाने दहा हजारांच्याही पुढे. या जादा इंधनाचा धूर कोणत्याही देशाच्या बेरजेत धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय वाहतुकीची नोंद वेगळी ठेवतात.

जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खते अशा आयात मालावर कार्बनचे शुल्क लागू केले आहे. भट्ट्या सुधारायला यातून जोर मिळू शकतो. मात्र निर्यातदारांनी स्वच्छ भट्टीचा माल युरोपला आणि कोळशाच्या भट्टीचा इतरत्र पाठवला, तर एकूण उत्सर्जन होते तेवढेच राहते.