काकांच्या मेंदूतले चार डाग आणि 'जोखीम घटक' नावाची भानगड

जूनच्या पहिल्या आठवड्यात किन्हवलीहून काका शहापूरला घरी आले, हातात एमआरआयचं भलंमोठं पाकीट. वय ७३. हिवाळ्यात त्यांचा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला होता, जीभ जड झाली होती, मग सगळं आपोआप ठीक. तपासणीत मानेतली डावी कॅरोटिड धमनी, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, बरीच अरुंद झालेली निघाली. मुंबईला जाऊन स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी हाताला मुंग्या आल्या म्हणून एमआरआय केला, तर मेंदूत चार बारीक नवे डाग. मुंग्या संध्याकाळपर्यंत गेल्या. डाग मात्र काकांच्या डोक्यातून जाईनात, दोन्ही अर्थांनी.

"तू डॉक्टरकी शिकतोस ना? मग सांग, मेंदू खराब झाला का माझा? लावणीला उतरू का नको?"

मी डॉक्टरकी शिकत नाही, रोगांच्या आकडेवारीवर पीएचडी करतोय. हा फरक घरी समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. पण प्रश्नाचं उत्तर मलाही त्या संध्याकाळी देता आलं नाही. तुमच्यापैकी जे 'अमुक आजाराचे जोखीम घटक' असा विषय घेऊन प्रस्ताव लिहायला बसलेत, त्यांनी काकांचा प्रश्न नीट ऐकावा. 'खराब झाला' म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं.

आयसीएसएस नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. १,७१३ रुग्ण, कोणाला स्टेंट आणि कोणाला मानेची शस्त्रक्रिया हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. १२० दिवसांत पक्षाघात, मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका स्टेंटच्या गटात ८.५ टक्क्यांना, शस्त्रक्रियेच्या गटात ५.२ टक्क्यांना. याच चाचणीतल्या सात केंद्रांवर उपचाराआधी आणि नंतर एमआरआय काढला, तेव्हा स्टेंटवाल्या १२४ पैकी ६२ जणांत नवे डाग दिसले. निम्मे! शस्त्रक्रियेत १०७ पैकी १८. महिन्याभराने पुन्हा पाहिलं तर टिकून राहिलेल्या खुणा स्टेंटच्या गटात साधारण ३३ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ८ टक्के. आता सांगा, स्टेंटनंतर मेंदूला इजा किती जणांना होते? तुम्ही काय मोजता आणि कधी मोजता, त्यावर उत्तर बदलतं. आणि उत्तर बदललं की जोखीम घटकांची यादीही बदलू शकते.

वयाचं उदाहरण मला फार आवडतं. तीन युरोपीय चाचण्यांमधल्या ३,४३३ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सत्तरीच्या आतल्यांमध्ये १२० दिवसांतला पक्षाघात किंवा मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखा: स्टेंट ५.८, शस्त्रक्रिया ५.७ टक्के. सत्तरीच्या पुढे स्टेंटचा आकडा १२.० वर गेला आणि शस्त्रक्रियेचा ५.९ वरच राहिला. म्हणजे 'वय हा जोखीम घटक आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या उपचारात? कारणही बऱ्यापैकी समजण्यासारखं आहे. स्टेंटची तार जांघेतून वर महाधमनीच्या कमानीतून मानेत न्यावी लागते. म्हातारपणी ती कमान लांबते, वळणं घेते, तिच्यावर चुना बसतो. कसाऱ्याच्या जुन्या घाटातून ट्रक काढावा तशी ती तार निघते, आणि वाटेत भिंतीवरचा कचरा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. मानेवर थेट चीर दिली की हा घाटच लागत नाही.

मग कचरा अडवायला गाळणी लावली तर? लावतात. पण वरच्याच एमआरआय अभ्यासात, जिथे गाळणी नेहमी वापरत त्या केंद्रांवर स्टेंटवाल्या ५१ पैकी ३७ जणांत डाग होते. जिथे वापरत नव्हते तिथे ७३ पैकी २५ जणांत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत 'गाळणी घातक' असं लिहून ठेवलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी फक्त एवढंच विचारलं, "गाळणी कोणाला लावायची हे चिठ्ठीने ठरलं होतं का?" नव्हतं. केंद्र बदललं की डॉक्टरांचा हात, सामान, रुग्ण सगळंच बदलतं. गाळणी अरुंद जागेतून पुढे सरकवतानाच कचरा सुटत असेल, हेही शक्य आहे. दोन्ही शक्यता त्याच आकड्यांत बसतात. वहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही, तारखेसकट ठेवलंय.

काकांच्या खऱ्या काळजीला भिडणारा पुरावा २०१५ चा आहे. त्याच १२४ जणांचा काही वर्षं पाठपुरावा केला. डाग असलेल्या ६२ पैकी १२ जणांना पुढे पक्षाघात किंवा तात्पुरता झटका आला, डाग नसलेल्या ६२ पैकी ६ जणांना. दुप्पट म्हणून घाबरायचं, की एकूण घटना अठराच म्हणून थांबायचं? एका घटकामागे निदान दहा घटना हव्यात असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने अठरा घटनांवर वय, साखर, रक्तदाब, तंबाखू असं सगळं लादलं तर गणित कोसळतं. सॉफ्टवेअर मात्र तक्रार न करता आकडे छापून देतं.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची. बंद होत आलेली धमनी अचानक मोकळी झाली की क्वचित मेंदूकडे जास्तच रक्त धावतं आणि रक्तस्रावही होऊ शकतो. तिथे रक्तदाब ताब्यात ठेवणं फार महत्त्वाचं. हीसुद्धा स्टेंटनंतरची इजाच, पण कारण उलटं. दोन्ही एकाच रकान्यात टाकलीत तर जोखीम घटक एकमेकांना खाऊन टाकतील.

आणि काका मुळात या आकड्यांत येतात ते एमआरआयपर्यंत पोचले म्हणून. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी दोन वर्षांतल्या १,५९९ मृत्यूंची कारणं शोधली. त्यातले २२९ पक्षाघाताचे होते, सगळ्यांत मोठं कारण तेच, आणि त्यातल्या दहातल्या जवळपास नऊ जणांनी घरीच प्राण सोडला. त्यांच्या धमनीत काय होतं, ते कुठल्याच तक्त्यात नाही.

काकांना मी एवढंच सांगितलं: डाग म्हणजे लकवा नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत. रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, प्रेशर नियमित बघायचं, तंबाखूची डबी आजच माझ्याकडे द्यायची. लावणीचं डॉक्टरांना विचारून ठरवू. डबी त्यांनी दिली. दुसरी खिशात होती, हे काकूंनी नंतर फोनवर सांगितलं.