गार्सिया आडनाव आणि स्पॅनिश रक्ताची दंतकथा

गार्सिया आडनावाचा माणूस म्हणजे स्पॅनिश वंशाचा, हे विधान मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. फुटबॉलपटूच्या पाठीवर हे नाव दिसलं, इंग्रजी सिनेमाच्या श्रेयनामावलीत दिसलं, आखाती देशातल्या इस्पितळात फिलिपिनो नर्सच्या बिल्ल्यावर दिसलं, की निष्कर्ष तयार असतो : यांचे पूर्वज स्पेनहून गेलेले. असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात. आडनाव कळलं की गाव आणि जात कळली, अशी आपल्याकडची सवय. तीच ही माणसं परक्या आडनावांनाही लावतात. ती सवय आपल्याकडेही अनेकदा फसवते, गार्सियाच्या बाबतीत तर ती हमखास फसवते.

मुळात गार्सिया हे आडनाव नव्हतंच. ते माणसाला ठेवायचं नाव होतं, आपल्याकडे विठ्ठल किंवा रामचंद्र असावं तसं. स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पाम्प्लोना नावाचं छोटं राज्य होतं. नवव्या शतकात तिथे गार्सिया इन्यिगेझ हा राजा होऊन गेला. त्याच्या बापाचं नाव इन्यिगो, म्हणून हा इन्यिगेझ. त्याच्या मुलाचं नाव फोर्तुन गार्सेस. हा गार्सियाचा मुलगा, म्हणून गार्सेस. आजोबा, बाप, मुलगा या तिघांचं मिळून एक आडनाव नाही. बापाचं नाव मागे लावायचं आणि पुढच्या पिढीत ते बदलायचं, अशी ती रीत होती. पुढे हे नाव पश्चिमेकडे लिओन आणि कास्तीलमध्ये पसरलं. दहाव्या शतकातला कास्तीलचा सरदार फेर्नान गोन्झालेझ, त्याचा मुलगा गार्सिया फेर्नांदेझ, नातू सांचो गार्सिया. नातवापाशी गार्सिया हे नाव कोणताही प्रत्यय न लागता, आहे तसं मागे लागलेलं दिसतं. फेर्नांदेझ, रोद्रिगेझ, मार्तिनेझ यांच्या शेवटी ‘एझ’ असतो आणि गार्सियाला तो नसतो, याचं उत्तर या एका घराण्यात सापडतं.

पुढच्या शतकांत मागे लावलेलं बापाचं नाव हळूहळू गोठलं आणि त्याचं आडनाव झालं. गावोगावी शेकडो गार्सिया होते. त्यात शेतकरी होते, लोहार होते, सैनिक होते, सरदारही होते. यातल्या ज्याच्या-ज्याच्या वंशात ही नावाची रीत थांबली, त्याचे वारस गार्सिया झाले. म्हणजे आडनाव एक आणि उगम असंख्य. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नोंदींत पहिलं आडनाव गार्सिया असलेले १४ लाखांहून जास्त लोक आहेत, दर शंभरात साधारण तिघं. स्पेनमधलं हे सर्वांत मोठं आडनाव आहे. कातालोनियाची भाषा वेगळी, अस्मिता वेगळी, तरी तिथेही तेच पहिल्या क्रमांकावर आहे. हे १४ लाख लोक एका मूळपुरुषाची लेकरं नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. स्पेनच्या वसाहतींमध्ये आडनावं जहाजातून उतरलेल्या बापांकडून मुलांकडे गेली तशीच बाप्तिस्म्यातूनही वाटली गेली. मेक्सिकोत फ्रान्सिस्कन पंथाचे बारा धर्मोपदेशक १५२४ मध्ये पोहोचले आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ख्रिस्ती नाव मिळायचं, आणि मागे लावायला कधी संताचं नाव, कधी धर्मपित्याचं, कधी मुलखावर अंमल असलेल्या स्पॅनिश माणसाचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांना अनेकदा मालकाचं आडनाव चिकटलं. आज मेक्सिकोत एर्नांदेझच्या खालोखाल गार्सिया हेच आडनाव सर्वाधिक आढळतं, आणि त्यात मूलनिवासी भाषा बोलणारे लोकही आहेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात शेकडो वर्षं तिथेच राहणाऱ्या प्वेब्लो मूलनिवाशांमध्येही गार्सिया सापडतात.

आडनाव त्या काळी किती सैल होतं ते पाहायचं असेल तर पेरूच्या इन्का गार्सिलासो दे ला वेगा या इतिहासकाराचं चरित्र वाचावं. गार्सिलासो या नावातही तोच गार्सिया दडलेला आहे. तो १५३९ मध्ये कुस्को शहरात जन्मला. आई इन्का राजघराण्यातली, बाप स्पॅनिश कप्तान. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचं नाव गोमेझ सुआरेझ दे फिगेरोआ ठेवलं गेलं. बापाच्या घराण्यातल्या एका पूर्वजाचं ते नाव. स्पेनला गेल्यावर त्याने स्वतःच बापाचं नाव घेतलं, पुढे त्याला ‘इन्का’ हे बिरुद जोडलं, आणि त्याच नावाने त्याचे ग्रंथ छापले गेले. खुद्द स्पेनमध्येही त्या शतकात सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असत. कुणी आजीचं घेई, कुणी मामाचं. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चमधल्या नोंदवह्या सक्तीच्या झाल्या, तेव्हापासून आडनावं जागच्या जागी बसू लागली.

फिलिपिन्सचं उदाहरण तर या गैरसमजाचा पायाच काढून घेतं, म्हणून ते नीट समजून घ्यावं. स्पेनची सत्ता तिथे तीनशेहून अधिक वर्षं होती, पण मूळच्या स्पॅनिश लोकांची संख्या कायम अगदी तुटपुंजी राहिली. मेक्सिकोसारखी मोठी वसाहत तिथे झालीच नाही. तरीही आज गार्सिया, रेयेस, सांतोस, मेंदोसा ही आडनावं त्या देशात घरोघरी आहेत. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने एक हुकूम काढला. लोक मर्जीप्रमाणे संतांची नावं लावतात, एका घरातल्या माणसांची आडनावं जुळत नाहीत, त्यामुळे करवसुली आणि नोंदणी अवघड होते, ही त्याची तक्रार होती. त्यासाठी सरकारने सुमारे साठ हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादीच छापली. तिची पानं प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडे आणि तिथून गावच्या पाद्र्यांकडे गेली, आणि कुटुंबप्रमुखांनी आपल्या वाट्याला आलेल्या पानावरून आडनाव घ्यायचं ठरलं. म्हणून फिलिपिन्समध्ये अशी गावं आहेत जिथल्या जुन्या घरांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ती ‘र’ ने होतात. त्या यादीत स्पॅनिश आडनावं होती, झाडाझुडपांची नावं होती आणि स्थानिक भाषांतले शब्दही होते. चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं दाखवू शकणाऱ्या घरांना ते ठेवण्याची मुभा होती. मात्र दे ला क्रूझसारखी अतोनात वाढलेली नावं या सवलतीतून वगळली होती.

कर गोळा करण्याच्या सोयीसाठी छापलेल्या या यादीत रक्ताचा संबंध येतो कुठे?

फिलिपिन्सचे आठवे राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया १९५७ ते १९६१ या काळात सत्तेवर होते. जन्म बोहोल बेटावरचा, आईवडील उत्तरेच्या अब्रा प्रांतातून आलेले, आणि ते स्वतः सेबुआनो भाषेतले कवी. ‘फिलिपिनो आधी’ हे आर्थिक धोरण त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आडनावावरून त्यांना स्पॅनिश ठरवणाऱ्याने हा इतिहास एकदा तपासून पाहावा.

आपल्याला हे समजायला इतकं अवघड का जावं, याचं मला वाईट वाटतं. गोव्यात सोळाव्या शतकापासून हेच घडलं. तिसवाडी, बार्देश, साष्टीत धर्मांतरित झालेल्यांनी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव घेतलं. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा ही घरं लिस्बनहून आलेली नाहीत हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कित्येक घरांत धर्मांतरापूर्वीचं प्रभू, शेणॉय, कामत हे नाव आजही सांगितलं जातं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आडनाव पोर्तुगीज, माणूस वसईचा, लेखक मराठीचा. त्यांच्याबद्दल जे आपण सहज समजून घेतो, ते मनिलाच्या किंवा मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या गार्सियाबद्दल का समजून घेत नाही?

अमेरिकेतल्या आकड्यांचाही असाच विपर्यास होतो. तिथल्या जनगणनेत १९९० साली गार्सिया आडनाव अठरावं होतं, २००० मध्ये आठवं आणि २०१० मध्ये सहावं : ११ लाख ६६ हजारांवर माणसं. त्यांतल्या ९२ टक्के लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक म्हटलं. हा आकडा दाखवून ‘बघा, स्पॅनिशच’ असं सांगितलं जातं. अहो, हिस्पॅनिक हा वंशच नाही. तिथल्या जनगणनेच्या अर्जात वंशाचा प्रश्न वेगळा आणि हा प्रश्न वेगळा होता. हिस्पॅनिक माणूस गोरा, काळा, मूलनिवासी, काहीही असू शकतो. उरलेल्या आठ टक्क्यांत, म्हणजे नव्वद हजारांहून अधिक माणसांत, फिलिपिनो गार्सियाही आहेत. आणि हो, काही गार्सिया खरोखरच थेट स्पेनचे असतात. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया याचा बाप स्पेनच्या गालिसियातून आला होता. पण ते कळतं त्या घराच्या कागदपत्रांवरून, नुसत्या आडनावावरून नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गार्सिया हे अरबी नाव आहे : नाही. ते लॅटिन किंवा जर्मानिक आहे : नाही. फेर्नांदो आणि रोद्रिगो जर्मानिक, गार्सिया मात्र बास्क परिसरातलं. त्याचं मूळ बास्क भाषेतल्या ‘अस्वल’ या अर्थाच्या शब्दात की ‘तरुण’ या अर्थाच्या, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही, त्यामुळे एकच अर्थ ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ‘गार्सिया घराण्याचं मानचिन्ह’ छापलेले कप आणि चौकटी विकत मिळतात : स्पेनमध्ये मानचिन्ह एखाद्या व्यक्तीला किंवा एखाद्या कुळाला मिळे, आडनावाला कधीच नाही.

गार्सिया हे ज्यू आडनाव असल्याची समजूतही बरीच पसरली आहे. १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा स्पेनने २०१५ मध्ये केला. त्याच्या आगेमागे ‘ज्यू आडनावां’ची हजारो नावांची यादी जगभर फिरली. सरकारने अशी यादी प्रसिद्ध केलेली नव्हती, आणि नुसत्या आडनावावर कुणालाही नागरिकत्व मिळालं नाही. ज्यू मुळाचा आणि स्पेनशी असलेल्या नात्याचा पुरावा द्यावा लागे. या बाबतीत गोव्याचा वैद्य गार्सिया द ऑर्ता आठवतो. त्याचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालला पळालेले ज्यू. तो १५३४ मध्ये भारतात आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं, आणि भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या ज्यू मुळाचा गार्सिया या शब्दाशी काडीचा संबंध नाही, कारण त्याचं ते आडनाव नव्हतंच. ते त्याला ठेवलेलं नाव होतं. पणजीतल्या त्याच्या नावाच्या उद्यानात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटची चूक आपल्या घरातली आहे आणि ती सुधारता येण्याजोगी आहे. कोलंबियाचा थोर कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केस याला मराठी लेखांत सर्रास नुसतं ‘मार्क्वेझ’ लिहितात. स्पॅनिश रीतीने माणसाला दोन आडनावं असतात, आणि परंपरेने पहिलं बापाचं, दुसरं आईचं. १८७० च्या नोंदणी कायद्याने ही रीत स्पेनमध्ये पक्की झाली. आता तिथे आईवडिलांना क्रम ठरवता येतो. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. गॅब्रिएलचे वडील गॅब्रिएल एलिहिओ गार्सिया आणि आई लुइसा सांतियागा मार्केस. म्हणजे आपण ज्याला आडनाव समजतो ते त्याच्या आजोळचं नाव आहे. स्पॅनिश वाचक त्याला गार्सिया मार्केस म्हणतात, ग्रंथालयांच्या सूचीत तो गार्सियाखाली येतो. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला नुसतं लोर्का म्हणतात हे खरं, पण तो वापर खुद्द स्पेनमध्ये रुळलेला आहे. गार्सिया इतके झाले की वेगळं ओळखायला आईचं आडनाव पुढे करावं लागतं. फिलिपिन्समध्ये मात्र क्रम उलटा : कार्लोस पोलिस्तिको गार्सिया यातलं पोलिस्तिको आईचं आणि शेवटचं गार्सिया बापाचं. म्हणून शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा आपला नियम सरसकट लावता येत नाही.

तेव्हा संपादकांना, अनुवादकांना आणि ग्रंथपालांना विनंती : यापुढे ‘गार्सिया मार्केस’ असं पूर्ण लिहा, आणि त्याची पुस्तकं ‘म’च्या फळीवरून काढून ‘ग’च्या फळीवर ठेवा.