वजन आणि तोल : उडत्या विमानप्रतिकृतीसंबंधी एक टिपण

तराजूपुरते पाहिले तर 'वजन करणे' आणि 'तोलणे' या क्रिया एकच होत. परंतु माणसाच्या शब्दाला वजन असते आणि रागाच्या भरात त्याचा तोल जातो. येथे एका शब्दाच्या जागी दुसरा चालत नाही. 'वजन' अरबीतून आला, 'तोल' संस्कृत 'तुल्' धातूपासून. हा अर्थभेद किती मोलाचा आहे, हे संचातील तुकडे जोडून उडते लढाऊ विमान तयार करणाऱ्या विद्यार्थ्यास लवकरच कळते.

उदाहरणार्थ, १९४४ साली इंफाळच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाने वापरलेले हरिकेन विमान घेऊ. त्याच्या पंखांचा विस्तार ४० फूट; एक-द्वादशांश प्रतिकृतीत तो ४० इंच होतो. पंखांचे क्षेत्रफळ १४४ पटींनी घटते, घनफळ मात्र १,७२८ पटींनी. म्हणजे वजनही घनफळाच्या प्रमाणात घटले, तरच लहान विमान संथपणे उडू शकेल. हवेत टिकण्यास लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन २१ टक्क्यांनी वाढले, तर हा वेग १० टक्क्यांनी वाढतो आणि त्या वेगाने जमिनीवर आदळतानाची ऊर्जा जवळजवळ दीडपट होते.

सोलापुरात ही अडचण अधिक जाणवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंची आणि उन्हाळ्यातील ४० अंशांचे तापमान यांमुळे येथील दुपारची हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने विरळ असते. म्हणून उड्डाण सकाळी करावे हे इष्ट.

आता तोलाचा विचार करू. गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर नाकाच्या अंतराच्या तिप्पट असेल, तर शेपटीवरील एका ग्रॅमसाठी नाकात तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. एकूण भार चार ग्रॅमांनी वाढतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या प्रतिकृतीच्या शेपटीस हौसेने रंगाचे तीन हात दिले. नाकात शिसे भरून तोल साधला खरा. पण वजन इतके झाले की, दोन महिन्यांचे श्रम माळावर पहिल्याच उड्डाणात मोडून पडले.

तेव्हा काटकसर शेपटीपासून सुरू करावी. संचातील बाल्साच्या पट्ट्या हातात घेऊन पाहाव्यात. सर्वांत हलक्या शेपटीस लावाव्यात, जड पट्ट्या पुढे वापराव्यात. सांध्यातील जादा चिकटद्रव्य सुकण्यापूर्वी पुसावे. जोडणीपूर्वी लाकूड घासून घ्यावे. वरचे आवरण पातळ कागदाचे असावे. मूळ हरिकेनच्या धडाचा मागील भागही कापडानेच मढविलेला होता, हे ध्यानात ठेवावे. रंगाचा एकच पातळ हात पुरे. बॅटरी शक्य तितकी पुढे बसवावी, म्हणजे शिशाचे काम तीच करील.

सारांश, वाढवून साधलेला तोल महाग पडतो. घटवून साधलेला तोलच विमानास तारतो.