मोटारीचे स्थलांतर

नोएडातील एखाद्या मोठ्या वसाहतीच्या तळघरात, जेथे मोटारी ओळीने उभ्या करतात तेथे, सायंकाळी एक फेरी मारावी. मोटारींच्या पाट्यांवरून भारताचा नकाशाच वाचता येतो. ‘यूपी १६’ ही घरची, म्हणजे गौतम बुद्ध नगर जिल्ह्याची पाटी. तिच्या शेजारी दिल्लीची, हरियाणाची, आणि मधूनच एखादी ‘एमएच १२’. ही पुण्याची पाटी दिसली की मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकते. कोण बरे आले असेल, असे वाटून तो पहारेकऱ्याला विचारतोही.

या नगरात हे दृश्य नवलाचे नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्या कचेरीच्या इंग्रजी आद्याक्षरांनाच पुढे नगराचे नाव होण्याचा मान मिळाला. जुन्या गावांतील मूळ रहिवासी सोडले, तर येथील बहुतेक माणसे बाहेरून आलेली. गंमत अशी की, मोटारी येथे केवळ आल्या नाहीत, जन्मल्याही. याच जिल्ह्यात सूरजपूरला देवूच्या मोटारी तयार होत. ग्रेटर नोएडातील होंडाचा कारखाना १९९७ ते २०२० एवढा काळ मोटारी बनवीत होता.

पुण्याहून नोएडास बदली झाली म्हणजे कपाट, पलंग, देव्हारा, शिलाईयंत्र सारे मालमोटारीत चढते आणि उतरते. या वस्तूंना कोणी नाव-गाव विचारीत नाही. मोटारीचे तसे नाही. घरातील वस्तूंपैकी हीच एक अशी की, तिला स्वतःचे नाव आहे, गाव आहे, तिच्यावर कर आहे, आणि कायद्याने ठरविलेले वयही आहे. मालक जागा बदलतो तेव्हा या चारही गोष्टी हलतात, आणि त्या एकाच वेळी हलत नाहीत. माणसे फसतात ती येथेच. म्हणून मोटार न्यावी की विकावी, याचा निर्णय सामान बांधल्यानंतर नव्हे, त्यापूर्वी केला पाहिजे.

प्रथम नावाचे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य आहे. पुण्याची मोटार घेऊन तुम्ही काश्मीर ते कन्याकुमारी खुशाल हिंडावे. परंतु त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमाने एक मर्यादा घातली आहे. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नोंदणी-क्रमांक घ्यावा लागतो. प्रवासी आणि रहिवासी यांच्यातील सीमारेषा कायद्याने बारा महिन्यांवर आखली आहे, असे म्हणता येईल.

नवा क्रमांक मिळण्यासाठी जुन्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. मोटार कर्जाऊ घेतली असेल तर बँकेची संमती लागते. थकलेले दंड, ज्यांना सर्वजण चलन म्हणतात, ते भरावे लागतात. हा दाखला मोटार ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तेथूनच मिळतो. नोएडात जाऊन स्थिरस्थावर व्हावे आणि मग दाखल्याचे पाहावे, असे म्हणणाऱ्याला पुन्हा चौदाशे किलोमीटर मागे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट कराची. महाराष्ट्रात पेट्रोलवरील खासगी मोटारीला किमतीच्या ११ टक्क्यांपासून एकरकमी कर आहे. डिझेलला त्याहून अधिक. मोटार घेताना तो एकदाच भरला म्हणजे जन्माचे काम झाले, असे आपण समजतो. वस्तुतः तो जन्म महाराष्ट्रातला. उत्तर प्रदेशात नवा क्रमांक घेताना मोटारीचे वय पाहून तेथील कर पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उर्वरित काळापुरता परतावा मागता येतो; पण केव्हा? नोएडाची नवी नोंदणी हाती आल्यावर. म्हणजे दोन्ही राज्यांचा कर काही काळ मालकाच्याच खिशातून गेलेला असतो. परताव्याची रक्कम लहान नसते, तरीही ‘कोण त्या मागे लागणार’ म्हणून ती सोडून देणारी माणसे आहेत. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारा गृहस्थ येथे इतका उदार का होतो, हे मला कधी उमगले नाही.

ज्यांच्या नोकरीत बदल्या वरचेवर होतात त्यांच्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’, म्हणजे भारत मालिकेची नोंदणी सुरू केली. सैन्यदले, केंद्र व राज्य सरकारे, सार्वजनिक उपक्रम यांतील नोकरांना, आणि ज्यांची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी संस्थांतील नोकरांना ती मिळते. कर एकदम न भरता दोन दोन वर्षांचा भरावयाचा. राज्य बदलले तरी क्रमांक तोच. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने जुन्या क्रमांकाची मोटारही या मालिकेत नेण्याची वाट मोकळी झाली. नोएडात संगणक व्यवसायात येणाऱ्या पुष्कळ मराठी तरुणांना ही सोय लागू पडते.

आता वयाकडे वळू. सर्वांत मोठा तोटा येथे होतो, आणि तो पुण्यात बसून लक्षात येत नाही. कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व नंतर तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढविता येते. परंतु नोएडा हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, आणि तेथील हवेचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ आणि २०१५ मधील आदेशांनी पंधरा वर्षांवरील सर्व वाहने व दहा वर्षांवरील डिझेलची वाहने रस्त्यावरून दूर करण्याचा मार्ग धरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहर उठविली. समजा, २०१७ साली घेतलेली डिझेलची एक सुस्थितीतील मोटार आहे. पुण्यात तिची नोंदणी २०३२ पर्यंत बिनघोर चालेल. या आदेशांच्या हिशेबाने नोएडात तिची दहा वर्षे २०२७ मध्येच भरतात. तेच यंत्र, तोच मालक, तोच धूर. आयुष्य मात्र पाच वर्षांनी उणे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कठोर कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण भारत-चार व त्यापुढील प्रदूषण-मानकांच्या वाहनांपुरते राखले. म्हणून मोटारीच्या नोंदणीपुस्तकात तिचे मानक कोणते लिहिले आहे, हे आधी पाहावे. ज्या दिशेने वारे वाहत आहे ते पाहता, सात-आठ वर्षांची डिझेलची मोटार पुण्यातच विकून जाणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे तिला गिऱ्हाईक आहे. राजधानी क्षेत्रात ती उरलेल्या थोड्या वर्षांच्या भावाने जाते.

राहिला विमा. येथे लोकांच्या मनात दोन उलट समज असतात. एक असा की, राज्य बदलले म्हणजे विमा संपला. ते खरे नाही. पॉलिसी साऱ्या भारताला लागू असते. दुसरा असा की, म्हणून काहीच करावयाचे नाही. तेही खरे नाही. नवा पत्ता आणि नवा क्रमांक विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावा लागतो. शिवाय खासगी मोटारींच्या विम्यासाठी देशाचे दोन विभाग कल्पिले आहेत. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे; बाकी सारा देश ‘ब’ विभागात. दिल्लीला खेटून असलेले नोएडा यामुळे ‘ब’ विभागात पडते, आणि पुण्याहून तेथे नोंद बदलणाऱ्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता थोडा उतरू शकतो. एवढ्या खटाटोपात ही एक बातमी तरी गोड आहे.

नोंदणी आणि विमा या दोन वेगळ्या कचेऱ्यांच्या गोष्टी असल्या तरी एकीचा दोष दुसरीला भोवतो. राजस्थानातील एका रहिवाशाने २०११ साली पंजाबात नवी मोटार घेतली. तात्पुरती नोंदणी महिनाभराची होती. ती १९ जुलैस संपली. नऊ दिवसांनी जोधपूरला एका अतिथिगृहाबाहेरून मोटार चोरीस गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत निकाल मालकाच्या बाजूने लागला. पण सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. नोंदणीशिवाय मोटार रस्त्यावर आणणे हा पॉलिसीच्या अटीचा मूलभूत भंग आहे, सबब कंपनी पैसे देणे लागत नाही, असा निर्णय झाला. एका राज्यात मोटार घेऊन दुसऱ्या राज्यात नेणाऱ्याने हे नऊ दिवस विसरू नयेत.

येथवर आपण एकाच देशात होतो. नोएडात परदेशातून परतणारी मराठी कुटुंबेही आहेत, आणि तेथली मोटार बरोबर आणता येईल का, असे त्यांच्या मनात येते. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्यांचा प्रश्न सुकाणूपाशीच संपतो. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून सुकाणू डावीकडे. आपल्या आयात धोरणास ते उजवीकडे हवे. इंग्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथील मोटारी ही परीक्षा उत्तीर्ण होतात. पण वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा आणखी अटी आहेत. त्या पुऱ्या केल्या तरी किमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक शुल्क उभेच आहे. कायमचे परतणाऱ्यास घरगुती सामानावर सीमाशुल्काची सवलत मिळते, परंतु मोटार त्या सामानात धरीत नाहीत. इंग्लंडची रीत याच्या उलट आहे. बारा महिने बाहेर राहून तेथे वास्तव्यास येणाऱ्याची, सहा महिने वापरातली मोटार शुल्काविना आत येऊ शकते. मात्र पुढे वर्षभर ती विकता येत नाही. आपल्याकडे मोटारीचे कारखाने देशातच वाढावेत म्हणून शुल्काचा तट उंच बांधला गेला.

त्या तटाची उंची महाराष्ट्राला एकदा चांगलीच कळली होती. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल त्यांना एक फेरारी मोटार भेट मिळाली आणि इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. ती भारतात आणावयाची तर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये शुल्क पडत होते. २००३ साली केंद्र सरकारने ते माफ केले. त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी फियाट कंपनीने ती रक्कम भरण्याचे मान्य केले. मोटार फुकट मिळाली तरी शुल्क फुकट जात नाही.

जहाजाने मोटार आणणाऱ्याने आणखी एक पाहावे. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, उद्वाहक आणि विमान यांतून नेताना होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख असतो, समुद्राचा नसतो. त्यासाठी वेगळा सागरी विमा उतरावा लागतो. नोएडापर्यंतच्या रस्त्यावर मालमोटारीतून जाणाऱ्या मोटारीला जे कवच आहे, ते मुंबईच्या समुद्रात नाही.

उलट दिशेने, म्हणजे नोएडातून परदेशी जाणाऱ्याला मोटार नेण्याचा मोह क्वचितच होतो, आणि तो आवरावा हे बरे. अमेरिकेत तर पंचवीस वर्षांपेक्षा नवी मोटार तेथील सुरक्षा-मानकांत बसल्याशिवाय आत घेत नाहीत. तो बहुधा मोटार विकून जातो, आणि विकताना एक मौल्यवान गोष्ट तिच्याबरोबर टाकून देतो. विम्यात दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के होते. ही सूट मोटारीची नव्हे, मालकाची असते. मोटार विकल्यावर विमा कंपनीकडून तसे पत्र मागून घेतले, तर तीन वर्षांच्या आत नवी मोटार घेताना ती सूट पुन्हा लागू होते. दोन वर्षांच्या कामासाठी लंडनला जाऊन परत येणाऱ्याने हे एक पत्र पारपत्राच्या पाकिटात ठेवावे, आणि विकलेली मोटार घेणाऱ्याच्या नावावर खरोखर चढली की नाही, याची खात्री करूनच विमानात बसावे. नोंद जुन्याच नावावर राहिली, तर त्या मोटारीने केलेल्या अपघाताची नोटीस नोएडातील बंद घराच्या दारावर येऊन चिकटते.